जुन्या जीपचा स्टेअरिंग कॉलम: वरून ओढू नका, खालून उतरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची 1966 ची महिंद्रा सीजे-3बी जीप पूर्ण खोलून नव्यानं बांधायला काढली आहे. बॉडी चेसिसवरून उचलायची आहे, पण स्टेअरिंग कॉलम, म्हणजे व्हीलपासून खाली जाणारी नळी आणि तिच्यातला दांडा (शाफ्ट), मध्ये येतोय आणि स्टेअरिंग व्हील शाफ्टवरून सुटत नाही. एक फिटर म्हणतो, शाफ्टच्या डोक्यावर घण घाला, आपोआप सुटेल. दुसरा म्हणतो, नळी गॅसनं कापा, नवी बसवू. दोघांपैकी कोणाचं ऐकावं?

कोणाचंच नाही. दोन्ही उपायांत गाडी उघडते खरी, पण ज्या वस्तूसाठी एवढा खटाटोप चाललाय तीच वस्तू हातची जाते.

या जीपचा कॉलम म्हणजे नुसती नळी आणि दांडा नव्हे, ही गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. अमेरिकेतल्या लाफायेतच्या रॉस कंपनीच्या पद्धतीचा हा स्टेअरिंग बॉक्स आहे. विलीज या अमेरिकन कंपनीनं दुसर्‍या महायुद्धात बनवलेल्या एमबी जीपपासून हीच पद्धत चालत आली आणि 1953 मध्ये आलेल्या सीजे-3बीमध्येही तीच राहिली. व्हीलखालून जो शाफ्ट निघतो तो सरळ बॉक्सच्या पोटात जातो आणि त्याच शाफ्टच्या खालच्या टोकावर नागमोडी खाच असलेला कॅम असतो. मध्ये जॉइंट नाही, कपलिंग नाही. कॅमच्या खाचेत एका आडव्या लिव्हरच्या निमुळत्या पिना अडकलेल्या असतात. तुम्ही व्हील फिरवता, कॅम फिरतो, पिना खाचेतून सरकतात, लिव्हर वळतो आणि त्याच्या बाहेरच्या टोकावरचा ड्रॉप आर्म पुढेमागे होतो. म्हणजे पिना खाचेत असेपर्यंत शाफ्ट वर ओढून निघणं शक्यच नाही. कॉलम आणि बॉक्स हा एकच अवयव समजा आणि तो एकसंध, खालच्या बाजूनं उतरवा. वरून फक्त व्हील निघतं.

घणाची गंमत यातच आहे. कॅमच्या वर आणि खाली छर्‍यांचे बेअरिंग आहेत. व्हील सुटावं म्हणून शाफ्टच्या डोक्यावर मारलेला प्रत्येक दणका थेट खालच्या बेअरिंगच्या वाटीवर जाऊन बसतो. वाटीत छर्‍यांचे खळगे पडतात. नंतर बॉक्स कितीही नीट जुळवा, व्हील फिरवताना हाताला बारीक कटकट लागत राहते आणि मेकॅनिक तुम्हाला सांगतो की जुनी गाडी आहे, चालायचंच. दुसरं म्हणजे शाफ्टच्या डोक्यावरचे आटे फुलतात, आणि मग नटही बसत नाही.

आता काम. बॅटरीची वायर काढा. सांगायला ही गोष्ट पोरकट वाटते, पण या गाडीत हॉर्नच्या वायरला करंट आधीच आलेला असतो आणि बटण दाबल्यावर तिला फक्त अर्थिंग मिळतं. बटण खोलताना ती वायर नळीला टेकली की हॉर्न बोंबलायला लागतो आणि जुनी वायर असेल तर तापते. पुढची चाकं सरळ करून ठेवा, मग पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन स्टँडवर टेकवा. विटांवर नको.

पान्यांबद्दल एक शब्द, कारण निम्म्या बोल्टांची डोकी इथेच गोल होतात. मूळ बोल्ट इंचाचे आहेत. अर्ध्या इंचाचं डोकं म्हणजे 12.7 मिलिमीटर, त्यावर 13 चा पाना बसतो, पण सैल. 9/16 म्हणजे 14.29, त्यावर 14 जात नाही आणि 15 घातला तर कोपरे खाऊन टाकतो. 3/4 वर मात्र 19 बिनधास्त चालतो, कारण फरक जवळपास नाहीच. इंचाच्या गोटी पान्यांचा आणि रिंग पान्यांचा एक बरा सेट घ्या; पुढे संपूर्ण गाडीला तो लागणारच आहे. तरी डोळे उघडे ठेवा. साठ वर्षांत किती फिटरांनी हाताला लागेल तो बोल्ट ठोकलाय याचा हिशोब नसतो, एकाच पट्टीवर दोन इंची आणि एक मिलिमीटरचा सापडतो.

व्हीलच्या मध्यावरचं हॉर्नचं बटण, त्याखालची स्प्रिंग आणि वाटी काढून एका डब्यात ठेवा आणि काढण्याआधी प्रत्येक थराचा फोटो घ्या. हॉर्नची वायर कुठून येते तेही तेव्हाच पाहा. काही जीपमध्ये ती पोकळ शाफ्टमधून वर येते, काहींमध्ये नळीला बाहेरून ब्रश असतो. पोकळ शाफ्टमधून येत असेल तर खालच्या टोकाला ती आधी सोडवा आणि वरून ओढून घेण्यापूर्वी तिच्या शेपटाला एक मजबूत दोरा बांधून तो आत सोडा. नवी वायर ओवायची वेळ येईल तेव्हा तो दोरा सोन्याचा वाटेल.

मग नट. नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आट्यांवर राहू द्या. शाफ्ट आणि व्हीलच्या हबवर एकमेकांसमोर बारीक पंच मारून खूण करा. आता पुलर, म्हणजे पंजांनी धरून मधल्या स्क्रूनं ओढून काढणारं अवजार, लावा. त्याचे पंजे हबच्या मागे, आरे जिथे हबला मिळतात तिथे बसले पाहिजेत. बाहेरच्या रिमला धरून ओढलं तर जुन्या व्हीलवरचं प्लास्टिक तडकतं आणि आतली सळई वाकते. गंज सोडवणारं तेल आदल्या दिवशी संध्याकाळी आणि सकाळी पुन्हा एकदा सोडा. पुलरचा स्क्रू ताणून घ्या आणि तसंच ठेवून चहाला जा. परत येऊन थोडा आणखी ताण द्या आणि हबच्या बाजूवर, म्हणजे शाफ्टच्या डोक्यावर नव्हे, पितळी हातोडीनं दोन-चार खणखणीत टपल्या मारा. व्हील सुटतं तेव्हा धाडकन सुटतं. नट आट्यांवर ठेवायला सांगितला तो यासाठीच, नाहीतर पुलरसकट व्हील तोंडावर येतं.

तरीही नाही सुटलं तर थोडी उष्णता चालेल, हीट गनची. गॅसची ज्योत नको. का, ते सांगतो: विलीज पद्धतीच्या जीपमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. म्हणजे ज्या जागी बसून तुमचा फिटर नळी कापणार होता, त्याच जागेखाली. टाकी रिकामी असली तरी आत वाफ असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा ती वाफ जास्त वाईट. रिस्टोरेशनच्या कामात सीट आणि टाकी मी सगळ्यात आधी बाहेर काढून घेतो, उष्णतेचा प्रश्न येवो न येवो.

इथे जरा थांबा आणि स्वतःला विचारा की कॉलम काढायलाच हवा का. तुम्हाला काढायचा आहे, कारण बॉक्स चेसिसला बसलेला आहे आणि नळी बॉडीतून वर आलेली आहे. कॉलम जागेवर ठेवून बॉडी उचलता येत नाही. चेन पुलीला बॉडी टांगल्यावर हे ज्यांच्या लक्षात येतं त्यांची मजा बघण्यासारखी असते. पण हे वाचणार्‍या दुसर्‍या कोणाची तक्रार फक्त व्हीलच्या खाली होणार्‍या खडखडाटाची असेल, तर वरचं बेअरिंग, त्याची स्प्रिंग आणि बैठक व्हील काढल्यावर वरूनच बदलता येते. आणि तक्रार व्हील फार सैल फिरण्याची असेल, तर एकाला व्हील हलवायला सांगून तुम्ही खाली ड्रॉप आर्मकडे पाहा. व्हीलबरोबर आर्म लगेच हलतो आणि चाकं मात्र उशिरा वळतात, तर दोष बॉक्सचा नाही. पुढच्या क्रॉस मेंबरवरच्या (चेसिसच्या आडव्या पट्टीवरच्या) बेल क्रँकचा, म्हणजे ओढ वळवून चाकांकडे नेणार्‍या लिव्हरचा, नाहीतर टाय रॉडच्या (चाकं वळवणार्‍या दांड्यांच्या) टोकांचा आहे. या जीपमध्ये ड्रॅग लिंक, म्हणजे ड्रॉप आर्मला जोडलेला दांडा, आधी बेल क्रँकला जाते आणि तिथून दोन टाय रॉड दोन्ही चाकांना. त्या बेल क्रँकची पिन झिजली की सगळे स्टेअरिंग बॉक्सला शिव्या देतात.

व्हील निघाल्यावर डॅशबोर्डखालचं ब्रॅकेट सोडा. त्यात रबराची किंवा नमद्याची पट्टी असते. ती कुजलेली असली तरी फेकू नका, नवी कापायला तीच माप देते. कॉलमला नंतर कोणीतरी इंडिकेटरचा स्विच क्लॅम्पनं लावलेला असण्याची दाट शक्यता आहे, तो काढा. पायाशी जिथे नळी पत्र्यातून खाली जाते तिथली झाकणपत्री स्क्रूंसकट काढा. हे स्क्रू गंजून पत्र्याशी एकजीव झालेले असतात. डोकं गेलं तर ड्रिल करा, छिन्नी घालून भोवतालचा पत्रा फाडू नका.

यानंतर गाडीच्या खाली. ड्रॅग लिंकचं ड्रॉप आर्मकडचं टोक सोडवायचं आहे. स्प्लिट पिन काढा आणि टोकाचा प्लग रुंद पात्याच्या पेचकसानं फिरवून बाहेर घ्या. आत बॉलच्या मागेपुढे बैठका आणि एक स्प्रिंग असते. लिंकच्या दोन टोकांना ही मांडणी सारखी नसते, म्हणून जे काढाल ते त्याच क्रमानं एका तारेत ओवून ठेवा. वर्षानुवर्षांचं ग्रीस इथे मेणासारखं घट्ट झालेलं असतं आणि त्यामागे स्प्रिंग दडून बसते. ती नाहीच असं समजून लोक नवी विकत आणतात.

आता ड्रॉप आर्म, आणि सबंध कामातली सर्वांत कठीण जागा हीच. आर्म शाफ्टच्या खाचांवर पक्का दाबून बसवलेला असतो. नट काढण्यापूर्वी आर्म आणि शाफ्टवर मिळून छिन्नीची एक सरळ खूण करा. ही खूण नसेल तर बसवताना आर्म एक खाच इकडेतिकडे जातो आणि गाडी एका बाजूला पूर्ण वळते, दुसर्‍या बाजूला अर्धीच. साधा दोन पंजांचा पुलर इथे उघडतो आणि निसटतो. ड्रॉप आर्मसाठीचा जाड, एकसंध पुलर मिळवा किंवा ओळखीच्या लेथवाल्याकडून करून घ्या. ताण देऊन ठेवा आणि आर्मच्या डोळ्याच्या बाजूवर जड हातोडीनं मारा. शाफ्टच्या टोकावर मारू नका, कारण तो दणका पिनांमार्गे कॅमला आणि समोरच्या झाकणाला बसतो. आणि आर्म व बॉक्स यांच्या फटीत पहार घालून उचकटणं तर अजिबात नको. बॉक्स बिडाचा आहे. तो वाकत नाही, सरळ तुटतो. आर्म लालभडक तापवण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. तो घडवलेल्या, पाणी दिलेल्या पोलादाचा भाग आहे आणि चाकं त्याच्यावर वळतात. त्याचं पाणी उतरवून पुन्हा रस्त्यावर गाडी काढायची माझी तरी छाती नाही.

काही बॉक्स आर्मसकट उतरवता येतात, जागा मिळाली तर. आर्म अगदीच हट्टाला पेटला असेल तर मी तो मार्ग घेतो, कारण बाकावर व्हाइसमध्ये धरून पुलर लावणं गाडीखाली पाठीवर झोपून लावण्यापेक्षा केव्हाही सोपं. त्यासाठी त्या बाजूचा मडगार्ड काढून टाका. तुम्ही तो रंगासाठी काढणारच आहात, मग आत्ताच का नाही?

बॉक्सचे चेसिसला धरणारे बोल्ट शेवटी. ते काढताना एक माणूस वर नळी धरून बसलेला हवा, नाहीतर शेवटचा बोल्ट निघताच बॉक्स आपल्या वजनानं खाली झुकतो, नळी पत्र्याच्या भोकाच्या कडेवर आडवी पडते आणि लांब शाफ्टला बाक येतो. वरचा माणूस नळी हळूहळू खाली सोडतो, खालचा बॉक्स पुढे आणि खाली घेतो. जोर लावावा लागत असेल तर कुठेतरी काहीतरी सोडायचं राहिलंय. बहुतेक वेळा हॉर्नची वायर.

बाहेर आल्यावर उघडायची घाई करू नका. बॉक्स बाहेरून रॉकेलनं किंवा डिझेलनं धुवा, वाळू द्या. मग उंच काठाच्या ट्रेवर काम करा. आधी बाजूचं झाकण. त्यावर मध्यभागी अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आणि लॉक नट दिसेल. लॉक नट सैल करून स्क्रू मागे घ्या, झाकण काढा आणि लिव्हरचा शाफ्ट बाहेर घ्या. पिना उजेडात फिरवून पाहा. चांगली पिन सगळीकडून गोल असते. झिजलेल्या पिनेला बाजूला चपटा आरसा दिसतो. मग वरचं कव्हर. त्याखाली शिम असतात, इंचाच्या हजारांश भागात मोजायच्या पातळ पत्र्या, काही तर कागदाहूनही पातळ. त्यांची चळत जशी निघेल तशी बांधून ठेवा. एकही हरवली तर कॅमच्या बेअरिंगचा ताण बिघडतो. नळी काही बॉक्सवर क्लॅम्पनं धरलेली असते, काहींवर कव्हरमध्येच पक्की. पक्की असेल तर ती वेगळी करायचा हट्ट सोडा, तशीच घासून रंगवा. कॅम बाहेर येताना छरे सुटतात. ट्रेला उंच काठ त्यासाठी.

शाफ्ट सरळ आहे का ते जाड काचेवर लोळवून कळतं. वाकलेला किंवा तडा गेलेला शाफ्ट वेल्डिंगनं जोडून देणारे भेटतील. नाही म्हणा. आघात झाल्यावर दबणारे कॉलम अमेरिकेत जनरल मोटर्सनं 1967 च्या मॉडेलपासून आणले. तुमच्या जीपमध्ये तसं काहीच नाही, बॉक्सपासून छातीपर्यंत एक सरळ पोलादी भाला आहे. त्यात वेल्डिंगचा जोड ठेवून घाटात गाडी घालणं हे धाडस नव्हे. कुर्ल्याच्या भंगार बाजारात अजून हे भाग फिरतात. तिथे बॉक्स घेताना व्हील नसतानाही शाफ्ट हातानं फिरवून पाहा, कटकट लागली तर खाली ठेवा.

एक बाजूची गोष्ट. पॉवर स्टेअरिंग बसवा म्हणून तुम्हाला बरेच जण गळ घालतील. चालवायला सोपं पडतं हे खरं. पण ते बसवायला बहुधा चेसिसवर कापाकापी आणि वेल्डिंग येतं. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा अशी अट आहे. 1966 ची गाडी त्या वयात बसते. वडिलांची गाडी आहे, तर हा दरवाजा उघडा ठेवा.

परत जुळवताना क्रम उलटा, पण दोन जागी नीट लक्ष द्या. पहिली, शिम. लिव्हर न बसवता फक्त कॅम आणि कव्हर बसवा. शाफ्ट बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वरखाली अजिबात हलता कामा नये. हलत असेल तर एक पातळ शिम काढा, जड फिरत असेल तर एक घाला. दुसरी, बाजूचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू. कॅमची खाच सगळीकडे सारख्या खोलीची नसते. गाडी सरळ चालताना पिना जिथे असतात तिथे ती मुद्दाम उथळ ठेवलेली असते, म्हणजे सरळ रस्त्यावर ढिलेपणा कमीत कमी राहावा. म्हणून हा स्क्रू फक्त मध्यावर आवळायचा. ड्रॅग लिंक जोडण्याआधी शाफ्ट एका टोकापासून दुसर्‍या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, बरोबर निम्म्यावर या, तिथे अगदी किंचित जड लागेपर्यंत स्क्रू आत घ्या आणि लॉक नट धरा. दोन्ही टोकांना मग थोडा ढिलेपणा लागेल. तो असायलाच हवा. टोकाला वळवून ठेवलेला असताना ढिलेपणा दिसला म्हणून स्क्रू आवळणार्‍यांचं स्टेअरिंग मध्यावर येताच अडकतं, आणि ते अडकतं वळणातून गाडी सरळ होताना.

आत काय भरायचं यावर वाद आहेत. मूळ पद्धत गिअर ऑइलची. जुने बॉक्स लिव्हरच्या सीलमधून गळतात म्हणून गॅरेजवाले चाकाचं घट्ट ग्रीस दाबून भरतात. कॅम त्या ग्रीसमध्ये एक वाट खोदून ठेवतो आणि मग त्या वाटेत काही परत येत नाही, पिना कोरड्या चालतात. नवं सील टाका, लिव्हरच्या बुश (शाफ्टला धरणार्‍या कड्या) झिजल्या असतील तर बदलून रीमर मारून, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करून, घ्या, कारण शाफ्ट डुगडुगत असेल तर नवं सीलही महिनाभरात गळणार. त्यावर गिअर ऑइल भरा. फारच गळत असेल तर पातळ, वाहतं ग्रीस मिळतं, ते चालेल.

ड्रॉप आर्म खुणेला खूण लावून बसवा, नट पूर्ण ताकदीनं आवळा. ड्रॅग लिंकचा प्लग घट्ट बसवून किंचित मागे घ्या, म्हणजे बॉल फिरायला मोकळा राहील, आणि नवी स्प्लिट पिन घाला. जुनी सरळ करून पुन्हा वापरू नका. व्हीलचा नट मात्र गाडी पहिल्यांदा फिरवून आणेपर्यंत शेवटचा आवळू नका असं कोणी सांगितलं, कारण काय तर व्हील तिरकं आलं तर बदलता यावं, तर त्याचं ऐकू नका. व्हील तिरकं येऊ नये म्हणूनच पंचाच्या खुणा केल्या होत्या. नट आवळा आणि मग गाडी अंगणातून बाहेर काढा.